प्राची कापगतेचा आराम

कापगत्यांचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये एकच भिंत आहे आणि ती जाडीला फार नाही. त्यामुळे त्या घरात काय चाललंय ते मला ऐकू येतं. मी मुद्दाम ऐकते असं कुणी समजू नये. मी माझ्या ओट्यापाशी भाजी चिरत असते, बोलणं आपण होऊन येतं. जे भिंतीतून आलं नाही ते प्राचीने नंतर स्वतः सांगितलं. तेव्हा ही हकीकत तशी पक्की आहे.

कापगते मूळचे साकोलीकडचे. आधी थोरले भाऊ भैय्याजी भिलाईला आले, मागोमाग धाकटे आनंदराव. भैय्याजींनी स्टील प्लांटच्या टाइम ऑफिसात कारकुनी केली, म्हणजे कोण कामावर उशिरा आलं आणि कोण आजारी असल्याचं सांगून आलंच नाही हे लिहून ठेवण्यात आयुष्य घालवलं. आनंदराव ब्लास्ट फर्नेसवर होते. दोघंही रिटायर झाले, सेक्टरमधली क्वार्टरं सोडली आणि आमच्या स्मृती नगरात घरं बांधली. आनंदराव आमच्या शेजारी, भैय्याजी मागच्या गल्लीत. अंतर एवढं की आनंदरावांच्या घरात चहा उकळला की भैय्याजींना कळावं.

आनंदरावांच्या घरात माणसं चार. ते, त्यांची बायको प्रेमलाताई, सव्वीस वर्षांची मुलगी प्राची आणि तिच्याहून दोन वर्षांनी लहान प्रशांत. प्रशांत तयारी करतो. कशाची, असं विचारायचं नसतं. कधी रेल्वेची, कधी बँकेची, कधी पीएससीची. त्याची तयारी इतकी कसून चालते की परीक्षा द्यायला सवड मिळत नाही.

प्राची नंदिनी नगरच्या बाजूला एका खासगी शाळेत खेळाची शिक्षिका आहे. अंधार असतानाच उठून ती पाण्याची मोटर लावायची, पोळ्या लाटायची, वडिलांची बीपीची गोळी काढून ठेवायची आणि स्कूटी काढून शाळेत जायची. दिवसभर मैदानावर शिट्टी फुंकून, मुलींचा खो-खो घेऊन परत येताना भाजी, किराणा, प्रशांतच्या पुस्तकांच्या झेरॉक्स. गॅसचं सिलेंडर संपलं की भरलेलं उचलून आत नेऊन लावायचं कामही तिचंच, कारण प्रशांतची पाठ नाजूक होती. बसून अभ्यास करणाऱ्यांची असते. या सगळ्याला घरात एक नाव होतं. प्रेमलाताई येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगत, "प्राची थोडीशीक मदत करते मले."

दिवाळी झाली आणि या थोड्याशा मदतीचा गळा दुखायला लागला.

"आइस्क्रीम खाल्लं असशीन," प्रेमलाताई म्हणाल्या. "गरम पान्याच्या गुळण्या कर. होऊन जाईन बरं."

प्राचीने गुळण्या केल्या आणि शाळेत गेली. दुसऱ्या दिवशी अंग तापलं, तरी गेली. तिसऱ्या दिवशीही गेली. मग एका दुपारी ती स्टाफरूममध्ये टेबलावर डोकं टेकून अशी झोपली की शाळा सुटली तरी उठेना. शाळेतल्या सफाईच्या मावशीने झाडू मारताना तिला हलवलं. घरी आल्यावर पलंगावर पडली. हे आमच्या गल्लीत इतकं नवं होतं की संध्याकाळी भैय्याजी चौकशीला आले.

"पोरगी कावून झोपून आहे दिवसाढवळ्या?"

"बिमार आहे म्हनते," प्रेमलाताई म्हणाल्या.

"म्हनते ना? बरोबर. सगळे तसंच म्हनतेत." भैय्याजींनी खुर्ची ओढली. "मी टाइम ऑफिसात बिमार मानूस रोज पाह्यला आहे, प्रेमला. खरा बिमार शंभरात एक. बाकीच्यांच्या घरी लग्न असते."

प्राचीच्या घरी लग्न नव्हतं, पण व्हायच्या बेतात होतं. गोंदियाचं एक स्थळ आलं होतं. मुलगा बँकेत, माणसं चांगली, म्हणजे अजून कुणी त्यांना जवळून पाहिलेलं नव्हतं. पुढच्या रविवारी ते मुलगी पाहायला येणार होते. त्यामुळे प्राचीला आजारी पडायला हा आठवडा सोयीचा नव्हता, आणि हे तिला सगळ्यांनी आळीपाळीने सांगितलं.

लवकर बरं वाटावं म्हणून प्रशांतने मोठी धावपळ केली. तो कोपऱ्यावरच्या मेडिकल स्टोअरपर्यंत गेला. तिथल्या माणसाने "गळा? ताप?" एवढं विचारून एक अँटिबायोटिक दिलं. डॉक्टरकडे जायची गरज काय, डॉक्टरही हेच लिहितो, असं तो म्हणाला. प्राचीने ते घेतलं. दोन-तीन दिवसांत तिच्या छातीवर, पाठीवर, हातांवर लाल लाल पुरळ उठलं. इतकं दाट, की गोरी दिसावी म्हणून आणलेली क्रीम तशीच पडून राहिली.

प्रेमलाताईंनी एकदा पाहिलं आणि हात जोडले. "माता आली."

आता माता आली म्हटल्यावर घरात नियम आले. दाराला कडुनिंबाचा डहाळा लागला. उशीखाली कडुनिंबाचा पाला. फोडणी बंद, तळण बंद, मोठ्याने बोलणं बंद. चार दिवस कापगत्यांकडे बिनफोडणीचं वरण आणि भात शिजला. आजारी माणसाचे हाल काय असतात ते त्या दिवसांत मी पाहिलं: प्रशांत दोनदा आमच्याकडे आला आणि "काकू, काही चमचमीत आहे का?" म्हणून विचारून गेला.

प्राचीला मात्र वरणही जात नव्हतं. गिळताना काचा गिळल्यासारखं होतं म्हणाली. मानेच्या दोन्ही बाजूंना जबड्याखाली गाठी आल्या होत्या, लिंबाएवढ्या. रविवारच्या पाहुण्यांचा विचार करून भैय्याजींनी सुचवलं, "मफलर बांधा. थंडी आहे म्हना." थंडी अजून आली नव्हती. पंखे फिरत होते.

रविवारी सकाळी ती तयार व्हायला म्हणून उठली, आरशासमोर कंगवा हातात घेतला आणि तिथेच खाली बसली. हात वर जाईना. प्रेमलाताईंनी हाक मारली, मग ओरडल्या, मग मला भिंतीतून ऐकू आलं आणि मी धावले. प्राची भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती. रडायलाही जोर लागतो.

"बाबा," ती म्हणाली, "मले डॉक्टरकडे घेऊन चाला."

आनंदराव फार न बोलणारे. त्यांनी गोंदियाला फोन करून पाहुण्यांना पुढची तारीख सांगितली, गाडी काढली आणि मुलीला घेऊन गेले. मीही बरोबर बसले, कारण प्रेमलाताईंना पाहुण्यांसाठी विकत आणलेल्या करंज्या झाकून ठेवायच्या होत्या.

डॉक्टर संघमित्रा मेश्राम यांचा दवाखाना लहान आहे. त्यांनी घसा पाहिला, मानेच्या गाठी पाहिल्या, पोटावर डाव्या बाजूला बोटं दाबली. प्राची कळवळली. रक्त तपासायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला.

"ग्लँड्युलर फीवर आहे," डॉक्टर म्हणाल्या. "ग्रंथींचा ताप. व्हायरसमुळे होतो. अंगावर जे उठलं ते देवी-माता काही नाही. हा ताप असताना ती अँटिबायोटिक घेतली की बऱ्याच जणांना असं पुरळ येतं. ती बंद करा."

"मंग दुसरी कोनती देता?" आनंदरावांनी विचारलं.

"दुसरी नाही. तापाला साधी गोळी, भरपूर पाणी आणि आराम."

"आरामाच्या संगं?"

"आरामासोबत आराम." डॉक्टर हसल्या नाहीत. "हिची तिल्ली, म्हणजे प्लीहा, सुजली आहे. धावणं नाही, वजन उचलणं नाही, पोटाला धक्का लागेल असं काही नाही. सुजलेली तिल्ली फाटली तर जिवावर बेततं. डाव्या बाजूला अचानक जोरात दुखलं, चक्कर आली, तर थेट मोठ्या हॉस्पिटलला न्या, मला फोन करत बसू नका. ताप जाईल, घसा बरा होईल. पण थकवा रेंगाळतो. काहींना आठवडे, काहींना महिने."

आनंदराव गाडीत बसेपर्यंत त्या चिठ्ठीकडे पाहत राहिले. एवढा मोठा आजार आणि एवढीशी चिठ्ठी. घरी आल्यावर प्रेमलाताईंनी पहिला प्रश्न विचारला, "इंजेक्शन नाही देल्लं? सलाइन?" काहीच दिलं नाही म्हटल्यावर त्यांचा डॉक्टरवरचा विश्वास उडाला. टोचल्याशिवाय आजार कसा काय जाईल?

मग आराम सुरू झाला. तो कसा होता ते ऐका. सकाळी मोटर कुणी लावायची हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून प्रेमलाताई पलंगापाशी येऊन विचारत, "झोपली का तू? झोप, झोप. फक्त सांग, बटन कोनतं?" आनंदरावांची बीपीची गोळी सापडेना, म्हणून ती उठून काढून देई. लोक भेटायला येत. आजारी माणसाला भेटायचं आणि त्याने उठून बसायचं अशी आपल्याकडे रीत आहे. प्रत्येकाने काही ना काही आणलं: पपईच्या पानांचा रस, गुळवेलीचा काढा, एका बाईने तर पिलियाची, म्हणजे काविळीची, माळ. प्राची सगळ्यांचं ऐके, डोळे मिटे, आणि लोक बाहेर येऊन म्हणत, "पोरीचं ध्यानच नाही. मोबाइल जास्त पाहत असंन."

मोबाइल पाहत होते भैय्याजी. त्यांनी घरी जाऊन आजाराचं नाव टाकलं आणि दुसऱ्याच संध्याकाळी ते पुन्हा आले, चेहरा असा की टाइम ऑफिसात कुणी दुसऱ्याचं कार्ड पंच करताना सापडावं. चष्मा सापडेना म्हणून त्यांनी मोबाइललाच वाचायला लावलं. पूर्ण आवाजात. त्या दिवशी भिंत दुप्पट जाड असती तरी चाललं असतं. एका बाईने हिंदीत, बातम्या दिल्यासारखं, सांगितलं की या आजाराला किसिंग डिजीज असंही म्हणतात.

प्रशांत पंख्याकडे पाहायला लागला.

"म्हंजे?" प्रेमलाताई.

"म्हंजे," भैय्याजींनी घसा साफ केला, "थुकीतून होते."

"कोनाच्या थुकीतून?"

"तेच तं इचाराचं आहे पोरीले."

पोरगी आतल्या खोलीत होती. तिला उठवून बैठकीत आणलं. खुर्ची दिली, एवढी माणुसकी दाखवली. अंगात ताप, मानेला गाठी, आणि समोर मोठे बाबा. भैय्याजींना ती आणि प्रशांत मोठे बाबा म्हणतात.

"घाबरू नको," भैय्याजी म्हणाले. "फक्त नाव सांग. कोन आहे?"

प्राचीने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. आई पदराशी चाळा करत होती. वडील जमिनीकडे पाहत होते. भाऊ अजून पंख्यावर.

"एक नाही, मोठे बाबा," ती म्हणाली. "बारा आहेत."

प्रेमलाताईंच्या तोंडून "अगं बाई" निघालं.

"माह्या खो-खोच्या टीमच्या बारा पोरी. पान्याची एकच बाटली आहे, तोंड लावून पितो सगळे. आणखी नावं पायजे असतीन तं हजेरी पाठवतो शाळेतून. आता मी झोपू?"

भैय्याजींचं समाधान झालं नाही. शाळेत पोरींशिवाय मास्तरही असतात, हे त्यांनी ती आत गेल्यावर ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात सांगितलं. पुढच्या तपासणीला आपण स्वतः येणार आणि डॉक्टरलाच विचारणार, असं जाहीर केलं.

आणि ते खरंच आले. गाडीत पुढे बसले; मागे प्राची, प्रेमलाताई आणि मी. दवाखान्यात डॉक्टरांनी प्राचीला तपासून झाल्यावर भैय्याजींनी मोबाइल पुढे केला आणि विचारलं की हे जे इथे लिहिलंय, त्याचं काय.

डॉक्टर मेश्राम यांनी वाचून मोबाइल परत दिला. "लाळेतून पसरतो, एवढाच त्याचा अर्थ. एका ग्लासातलं पाणी, उष्टा चमचा, बाटली. कितीतरी जणांना लहानपणीच होऊन जातो, घरच्यांना वाटतं साधी सर्दी. मोठ्या वयात झाला की असा त्रास देतो." मग त्यांनी प्रेमलाताईंना विचारलं, "घरात महिना-दीड महिन्याआधी कुणाचा घसा दुखत होता का?"

प्रेमलाताईंना मुलाची प्रत्येक शिंक पाठ असते. त्या लगेच म्हणाल्या, आणि जरा अभिमानाने, "हो ना! प्रशांतले. नवरात्रात. भात गिळत नव्हता बिचारा, मी शिरा करून करून खाऊ घातला. पंधरा दिवस अंगात जीवच नव्हता त्याच्या."

"मग त्याच्याकडून आला असेल. फ्रीजमधली बाटली दोघं तोंड लावून पितात?"

"तो तं कोनाच्याही बाटलीले तोंड लावते," प्रेमलाताई म्हणाल्या.

हे बोलून झाल्यावर त्यांना आपण काय बोललो ते कळलं. प्राची भैय्याजींकडे पाहत होती. मीही पाहत होते. बहिणीला भावाकडून आला, तर भावाला कुणाकडून, हा प्रश्न तिथे टेबलावर येऊन बसला होता आणि तो विचारायचा अधिकार एकाच माणसाचा होता. भैय्याजींनी मोबाइल खिशात घातला.

परतताना आमची गल्ली आली तेव्हा भैय्याजी म्हणाले, "आजकाल हवाच खराब झाली आहे. रसमड्याच्या कारखान्यायचा धूर पार इथपर्यंत येते."

चौकशी तिथे संपली. प्रशांतला कुणीही खुर्ची देऊन बैठकीत बसवलं नाही.

तो स्वतःच आला. दुपारी, चहाचा कप घेऊन. त्या घरात त्याने चहा केल्याची ती पहिली वेळ, आणि चहात आलं इतकं होतं की तो काढाच झाला होता.

"ताई, झोपली का?"

"नाही. तुहीच वाट पाहून राहिली. कोन आहे?"

"कोन कोन?"

"प्रशांत, माही तिल्ली सुजली आहे. डोस्कं नाही."

तो पलंगाच्या कडेवर बसला. बराच वेळ कपाच्या कानाशी खेळला. मग म्हणाला, "उन्नती."

"कोन उन्नती?"

"कोचिंगमधली. गणपती पाहाले गेलो होतो ना. यार, मतलब, तिचाही गला खराब चल रहा था..."

"म्हनून तू तिची तब्येत पाहाले गेला."

प्रशांतचे कान लाल झाले आणि प्राचीला हसू आलं. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा. हसताना डाव्या बाजूला दुखलं, म्हणून ती उशी पोटाशी धरून हसली, आणि ते थांबेचना. प्रेमलाताई बाहेरून ओरडल्या, "काय झालं?" "काही नाही," दोघंही एकदम म्हणाले.

"सांगशीन का आईले?" त्याने विचारलं.

"मले बोलाची ताकत नाही."

तिने मोबदला मागितला नाही, हे मी तिच्या बाजूने सांगते. पण प्रशांतच्या मनाला लागलं असावं. दुसऱ्या दिवशी पहाटे मोटरचा आवाज आला आणि पाठोपाठ टाकी भरून वाहिल्याचा. मग पोहे झाले. त्यात मीठ दोनदा पडलं. सिलेंडर संपलं तेव्हा त्याने भरलेलं उचलून आत नेलं. पाठीला काही झालं नाही. वैद्यकशास्त्राला हे कळवायला हवं होतं.

डिसेंबरात प्राचीचा ताप गेला, गाठी उतरल्या, घास गिळता यायला लागला. घराने तिला बरी जाहीर केलं. भैय्याजी म्हणाले, "ताप नाही म्हंजे ड्युटी." शाळेच्या मुख्याध्यापकांचाही फोन आला. वार्षिक क्रीडास्पर्धा तोंडावर होत्या. "मॅडम, आपको दौड़ना थोड़ी है, बस खड़े रहना है." प्राचीलाही पलंगाचा कंटाळा आला होता. डॉक्टरांना न विचारता ती गेली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत उन्हात उभी राहिली, चुन्याच्या रेघा मारून घेतल्या, मुलींच्या नावाने ओरडली. प्रमुख पाहुण्यांनी तिचं कौतुक केलं आणि नाव चुकीचं घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती उठू शकली नाही. ताप नव्हता, दुखत काही नव्हतं. नुसती ताकद नव्हती. न्हाणीघरापर्यंत जाऊन आली की तासभर पडून राहायची. आधीपेक्षा हे वाईट होतं, कारण आधी निदान थर्मामीटर तिच्या बाजूने बोलत होता. आता तोही भैय्याजींना जाऊन मिळाला.

मी दुपारी तिच्यापाशी बसले होते तेव्हा तिने माझा हात धरला. "काकू, मी आता अशीच राहीन का?"

मला माहीत नव्हतं. मी तसंच सांगितलं. तिने मान हलवली आणि डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे गेलं. ते पुसायलाही तिने हात उचलला नाही, मीच पुसलं. चौथी-पाचवीपासून पळणारी पोर ती. आमच्या गल्लीत भटकी कुत्री तिच्या मागे लागायचं सोडून देत, इतकी पळायची.

डॉक्टरांनी पुन्हा पाहिलं. रागावल्या, पण प्राचीवर नाही, सोबत आलेल्यांवर. रोज जेवढं झेपेल त्याच्या अर्धंच करायचं, असं सांगितलं. बरं वाटलं त्या दिवशीसुद्धा अर्धंच.

त्या थंडीत आनंदराव तिला दुपारी गच्चीवर उन्हात बसवू लागले. स्वतः शेजारी बसत. एरवी त्यांना बोलायला विषय लागत नाही, कारण ते बोलतच नाहीत. पण एका दुपारी बोलले. मी आमच्या गच्चीवर पापड वाळत घालत होते.

"भट्टी बंद पडली," ते म्हणाले, "आन दुरुस्त करून नव्यानं चालू केली, तं पहिल्या दिवशी फुल ब्लास्ट देत नाहीत. देल्ला तं आतलं अस्तर फुटते. हळूहळू गरम करा लागते. वरून कितीही फोन येऊ दे, प्रॉडक्शन पायजे, प्रॉडक्शन पायजे. आमी नाही ऐकत होतो."

"मी काय भट्टी आहे का, बाबा?"

"नाही. भट्टीची आमी काळजी घेत होतो."

एवढंच बोलून ते खाली गेले. संध्याकाळी मुख्याध्यापकांचा फोन आला तो त्यांनी घेतला. काय बोलले ते भिंतीतून नीट कळलं नाही, पण त्यानंतर महिनाभर शाळेतून फोन आला नाही.

गोंदियाच्या लोकांना तोपर्यंत दोन तारखा देऊन पुढे ढकललं होतं. भैय्याजींचं म्हणणं, आजाराचा शब्द काढायचा नाही, नातेवाईकाकडे सुतक होतं म्हणून सांगायचं. त्यासाठी ते एक लांबचा चुलता मारायलाही तयार होते. प्राचीने आईच्या फोनवरून मुलाच्या आईला स्वतः फोन लावला आणि काय झालंय, बरं व्हायला वेळ लागेल, सगळं सांगितलं. पलीकडून बाईंनी फार गोड आवाजात चौकशी केली. मग म्हणाल्या, आमचं घर तीन मजली आहे, सुनेला वर-खाली करावं लागतं, तुला झेपायचं नाही गं, तुझ्याच काळजीपोटी म्हणते. इतकी काळजी घेणाऱ्या माणसांना मुकल्याबद्दल प्रेमलाताई दोन दिवस रडल्या. प्राचीला अपमान वाटला, नाही असं नाही, मला म्हणाली, "काकू, मी नाही म्हनाच्या आधी त्यायनं म्हटलं, तेवढंच खराब वाटते." आणि कूस बदलून झोपली.

मधल्या काळात भैय्याजींना सर्दी झाली. नुसती सर्दी. ते आठवडाभर अंथरुणावरून उठले नाहीत. वाफ, सूप, पाय दाबणं, सगळं जागेवर. कुणी जोरात दार लावलं तरी त्यांना त्रास होत होता. शंभरातला तो एक खरा आजारी माणूस मी शेवटी पाहिला.

फेब्रुवारीत प्राची अर्ध्या दिवसासाठी शाळेत जायला लागली. प्रशांत स्कूटीवर नेऊन सोडायचा, आणायचा. तिकडेच कुठेतरी उन्नतीही राहते हे मला नंतर कळलं. पण रस्ता तोच असेल तर त्याला तो तरी काय करणार? मैदानाच्या कडेला कडुनिंबाच्या झाडाखाली खुर्ची टाकून ती बसे आणि शिट्टी वाजवी. काही दिवस चांगले जात, मग मध्येच एखादा दिवस असा येई की भाजीचा चमचा हातातून सुटे. त्या दिवशी ती झोपायची. प्रेमलाताईंना हे अजून पटत नव्हतं, पण पोळ्या त्या स्वतः लाटायला लागल्या होत्या, आणि लाटता लाटता भिंतीला ऐकवत की आपण किती थकतो. प्राचीने एकदा आतून सांगितलं, "थकली असशीन तं झोप ना, आई. प्रशांत लाटीन." प्रेमलाताईंनी लाटणं आपटलं. पण त्या दुपारी त्या झोपल्या, हेही खरं.

मार्चच्या शेवटी डॉक्टर मेश्राम यांनी पोट तपासलं आणि तिल्ली जागेवर गेल्याचं सांगितलं. पळायला हरकत नाही, पण थोडं थोडं. प्राचीने ऐकलं. आधी शाळेच्या फाटकापर्यंत, मग मैदानाला एक फेरी. एप्रिलमध्ये मुलींच्या दोन संघांचा सामना होता आणि एका बाजूला एक मुलगी कमी पडली. पोरींनी हट्ट धरला. मॅडम खुर्चीवरून उठल्या, ओढणी कमरेला बांधली आणि खांबापाशी जाऊन बसल्या. खो मिळाला तशी प्राची धावली. एकीला पकडलं. दुसरीच्या मागे गेली, ती चपळ निघाली, हुलकावणी देऊन गेली. प्राचीची बाजू हरली. धापा टाकत ती गवतावर आडवी झाली आणि पोरी तिच्याभोवती गोळा होऊन ओरडत राहिल्या.

मला हे तिने संध्याकाळी गेटपाशी उभं राहून सांगितलं. पायाला माती, केस विस्कटलेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने शाळेला फोन केला. मी ओट्यापाशी होते.

"सर, आज येत नाही."

पलीकडून काहीतरी विचारलं असावं.

"नाही, ताप नाही. गळाही नाही. काही नाही झालं, सर. थकली."

पुन्हा काहीतरी विचारलं.

"हो. एवढंच."

मग पलंग कुरकुरला, आणि पार दुपारपर्यंत त्या घरातून काही ऐकू आलं नाही.